हिरवी पूड

टेंभी नाका, ठाणे
८ जुलै १८९३

ती. सौ. अक्का हिला महिपतचा साष्टांग नमस्कार.

तुझे पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला त्याचे कारण आनंदाचे आहे, तेव्हा रागावू नकोस. मला सरकारात जागा मिळाली. पिकांवरच्या किडींचा तपास करण्यासाठी एक नवे साहेब आले आहेत, त्यांच्या हाताखाली. अजून कायम नाही. दिवाळीपर्यंत काम बघतील आणि मग ठरवतील.

काम काय म्हणशील, तर किडे धरायचे, बरणीत पानांवर वाढवायचे, त्यांचे काय होते ते रोज लिहून ठेवायचे आणि भिंगातून पाहून चित्रे काढायची. बाबा पाटीवर मोर काढायला शिकवत तेव्हा तू माझा हात धरून त्याची मान वळवून द्यायचीस. तो हात आता पतंगाच्या मिशा काढतो. साहेब म्हणाले, तुझ्या चित्रात पाय मोजता येतात.

आईला मात्र हे काम आवडलेले नाही. शेजारच्या गंगुबाईंना ती सांगते, ‘मुलगा कचेरीत लिहिण्याचे काम करतो.’ किड्यांचे नाव काढत नाही. सोवळ्यात असली की माझ्या खोलीच्या दारापाशीसुद्धा येत नाही.

आता तुझ्याकडे काम आहे. कल्याण तालुक्यात भातावर अळी पडल्याची बातमी कचेरीत आली आहे. खडवलीला आहे का? असल्यास कशी दिसते, केव्हा खाते, कुठे लपते, सगळे लिही. तुझ्या डोळ्यांतून काही सुटत नाही हे मला ठाऊक आहे.

तुझा,
महिपत


खडवली
१७ जुलै १८९३

चि. महिपत यास अक्काचे आशीर्वाद.

तुझं पत्र मामंजींना वाचून दाखवलं. सरकारी नोकरी म्हटल्यावर त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. सुनेनं वाचावं हे त्यांना एरवी रुचत नाही, हे तुला माहीत आहेच.

अळी आहे, रे बाबा, आहे! परवा काळुराम भाऊजींच्या खाचरात पडली. त्यांचं खाचर आमच्या खालच्या अंगाला, बांधाला बांध लागून. सकाळी बघावं तर हिरवीगार रोपं, संध्याकाळी नुसते खुंट. रंग मातकट हिरवा, अंगावर लांब पट्टे, करंगळीएवढी. ऊन चढलं की मुळाशी ढेकळांत शिरते आणि दिवस कलला की सगळ्या एकदम वर येतात. एका खाचरातलं संपलं की बांध ओलांडून दुसऱ्यात. पलटण चालल्यासारखी. चालताना आवाज येतो, तू ऐकला आहेस का? वाळली पानं चुरगाळल्यासारखा.

लोक म्हणतात गावदेवीचा कोप आहे. पण हौसाबाई म्हणून एक म्हातारी आहे इथं, ती हसली. म्हणाली, ‘खाचरात पानी भरा न दोगांनी दोर धरून भातावरनं वढा. पान्यात पडतील, बगलं खातील.’ आम्ही ते केलं. दोन दिवस केलं. सगळं नाही, पण निम्म्याच्या वर पीक राहिलं. हे तुझ्या वहीत लिही.

बांबूच्या नळीत ओली माती घालून वीस अळ्या पाठवते आहे. धाकू कल्याणला चालला आहे, तो आगगाडीवर देईल. वेशीबाहेरच्या वस्तीत राहतो. गावातलं मेलेलं जनावर ओढून नेण्याचं काम बापजाद्यांपासून त्याच्याच घराकडे. भला माणूस. नळी हातात घेऊन म्हणाला, ‘बाई, जित्या हायेत न? मंग हलू हलू नेतो.’

तुझी अक्का,
कलावती


ठाणे
२९ जुलै १८९३

ती. सौ. अक्का हिला नमस्कार.

वीसपैकी सतरा जगल्या! जमिनीत कोष केले आणि काल पहिला पतंग बाहेर आला. राखी रंगाचा, दिसायला अगदीच सामान्य, पण मी दोन तास जागचा हललो नाही. साहेबांनी चित्र पाहिले आणि म्हणाले की हे छापले जाईल, खाली माझे नाव असेल. अक्का, छापलेले नाव!

दोराचा उपाय मी साहेबांना सांगितला. ते म्हणाले, या म्हातारीच्या गोष्टी झाल्या, आपल्याला शास्त्र हवे. विलायतेहून एक हिरवी पूड आली आहे. राखेत मिसळून फडक्याच्या पुरचुंडीतून पानांवर झाडायची. अमेरिकेत बटाट्यावर वापरतात. आपल्या इलाख्यात भातावर हा पहिलाच प्रयोग, आणि तो खडवलीला करायचा असे मी सुचवले. मामंजींची वरची दोन खाचरे मिळाली तर फार बरे होईल. तू त्यांच्याकडे शब्द टाक.

चार दिवस त्या खाचरांतले पाणी बाहेर सोडायचे नाही आणि गुरे तिकडे फिरकू द्यायची नाहीत, एवढेच पथ्य. पुडीत सोमल आहे. पण त्याचे प्रमाण अगदी थोडे असते, काळजीचे कारण नाही. गावात मात्र ‘विष’ हा शब्द काढू नकोस. लोक बिथरतील आणि प्रयोग होणार नाही. कोणी विचारले तर भाताचे औषध आहे असे सांग.

पुढच्या आठवड्यात साहेबांबरोबर येतो. तुझ्या हातची भाकरी खाऊन वर्ष झाले.

महिपत


खडवली
२१ ऑगस्ट १८९३

चि. महिपत यास आशीर्वाद.

तुम्ही ९ तारखेला पूड झाडून दुसऱ्या दिवशी परतलात. त्यानंतर जे घडलं ते सांगायला हे पत्र. नीट बसून वाच.

अळ्या मेल्या. तुझ्या साहेबांना सांग, ढिगानं मेल्या. पण तिसऱ्या दिवशी दुपारी असा पाऊस लागला की समोरचा गोठा दिसेना. वरच्या खाचरांतलं पाणी बांधावरून काळुराम भाऊजींच्या खाचरात गेलं आणि त्यांच्या बांधावरच्या गवतावर पसरलं. पुढे उघाड पडली. भाऊजींनी बैल त्या गवतावर सोडले.

१६ तारखेला त्यांचे दोन्ही बैल गेले आणि त्याच गवतावर चरलेली महिपत पाटलांची गाय गेली. तुझ्याच नावाचे पाटील, आठवत असतील. तोंडाला फेस, पोटात गोळे, पाय झाडत होती. बैलांची ती तडफड बघून भाऊजी बांधावर बसून लहान मुलासारखे रडले.

धाकूनं नेहमीप्रमाणे जनावरं ओढून नेली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी बोललं की कातड्यासाठी यानंच विष घातलं. तिसऱ्या दिवशी फौजदार आले. धाकूच्या दारात तीन कातडी वाळत होती, तेवढा पुरावा त्यांना पुरला. मी दारात उभी होते. त्याला दोरी लावून नेलं, तेव्हा तो पाटलांना म्हणत होता, ‘अवो, मी तर तुमच्या बोलावण्यानं आलो!’ आता ठाण्याच्या तुरुंगात ठेवला आहे म्हणतात, म्हणजे तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. १८ सप्टेंबरला कल्याणच्या कचेरीत खटला उभा राहील.

त्याची बायको बायजा आजारी आहे. उलट्या थांबत नाहीत.

या पत्राबरोबर भाऊजींच्या बांधावरचं गवत पाठवते आहे. महिपत, एकच विचारते. ते औषध होतं की विष?

अक्का


ठाणे
२६ ऑगस्ट १८९३

ती. सौ. अक्का हिला नमस्कार.

पत्र पोचले. घडले ते वाईट झाले यात शंका नाही. तथापि घाईने निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. पुडीचे प्रमाण बिघ्याला इतके अल्प होते की पाण्याबरोबर वाहून मोठे जनावर दगावणे संभवत नाही, असे साहेबांचे मत आहे. जनावरांना विष घालण्याचे प्रकार या जिल्ह्यात पूर्वीही झालेले आहेत आणि पोलिसांना त्याची माहिती असते. त्यांचे काम त्यांना करू द्यावे.

प्रयोगाचा अहवाल रवाना झाला आहे. माझी जागा बहुधा कायम होईल. आईला अजून काही सांगितलेले नाही.

अशा गोष्टी टपालाने लिहू नकोस. माझी मागील पत्रे असतील ती जाळून टाकावीस हे बरे.

महिपत


खडवली
३ सप्टेंबर १८९३

महिपत,

हे पत्र कुणा साहेबानं मला लिहिलं असं वाटलं. खालची सही बघितली तेव्हा पटलं की तुझंच.

गवताबद्दल त्यात एक अक्षर नाही. मिळालं नाही का? की मिळालं म्हणून नाही?

तू हुशार आहेस, तर एवढं सांग. धाकूच्या घरी त्या गाईचं मांस शिजलं. त्याच्या बायकोनं खाल्लं, म्हाताऱ्या सासूनं खाल्लं. माझ्या मागच्या पत्रानंतर तिसऱ्या दिवशी सासू गेली. बायजा वाचली, पण तिच्या पायांना मुंग्या येतात, जमीन लागत नाही म्हणते, भिंत धरून चालते. ज्यानं स्वतःच्या हातानं विष घातलं, तो तेच मांस आपल्या आईच्या ताटात वाढेल का? हे मला चुलीपुढे बसून सुचलं. फौजदारांना सुचलं नाही. तुलाही सुचलं नाही, यावर माझा विश्वास नाही.

मी बायजाकडे जाऊन आले. मामंजींनी त्यावरून घर डोक्यावर घेतलं. ते म्हणतात, तुझ्या भावाची पत्रं जाळ आणि गप्प बस, आपल्या खाचरातून काय वाहिलं ते गावाला कळलं तर आपल्या दारात कुणी उभं राहणार नाही. तूही तेच म्हणतोस. दोघांचं इतकं जमलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

पत्रं जाळलेली नाहीत.

‘भाताचं औषध आहे, भाऊजी, घाबरू नका,’ हे काळुराम भाऊजींना मी सांगितलं होतं. तुझ्या सांगण्यावरून. माझ्या तोंडानं.

अक्का


ठाणे
९ सप्टेंबर १८९३

ती. सौ. अक्का हिला,

गवत मिळाले होते. मिळाले त्याच दिवशी मी ते सुकवून शेगडीतल्या निखाऱ्यांवर टाकले. सोमल निखाऱ्यावर पडला की लसणीसारखा वास येतो. एवढी साधी परीक्षा. वास आला. आईने आतून विचारले, ‘अरे, एकादशीच्या दिवशी लसूण कसली परततोस?’ मी खिडकी उघडली आणि काही नाही म्हणालो.

म्हणजे २६ तारखेचे पत्र लिहिताना मला सर्व ठाऊक होते. आता हे लिहून टाकले, तर बाकीचेही लिहितो.

मी दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले. आवाज चढवला नाही. म्हणाले, ‘ही पूड उद्या शंभर गावे वाचवील. तीन जनावरांसाठी ती बंद पाडायची का?’ मी म्हणालो, एक माणूस तुरुंगात आहे. ते म्हणाले, ते काम न्यायाधीशाचे, तुझे नाही. मग अहवालाचा कागद पुढे केला. प्रयोगानंतर चार दिवस पाऊस नव्हता असे त्यात लिहिले होते. मी वाचले. वाचूनही सही केली. सही करताना मला फक्त एवढेच दिसत होते की पतंगाचे चित्र छापायला जायचे आहे.

अक्का, कचेरीत जाताना तुरुंगाच्या भिंतीजवळून जावे लागते. गेले दोन-अडीच आठवडे मी तळ्याकडून वळसा घालून जातो. त्याची आई गेली हे त्याला कोणी सांगितले असेल का, हा विचार काल संध्याकाळी मनात आला आणि मी रस्त्यातच थांबलो. नळी हातात धरून त्याने ‘जित्या हायेत न’ म्हणून विचारले, असे तू लिहिले होतेस.

१८ तारखेला मी कल्याणला जाणार आहे. जाईन असे आज वाटते आहे. तोवर वाटत राहावे म्हणून तुला लिहितो आहे. न गेलो, तर पुन्हा मला पत्र घालू नकोस.

महिपत


खडवली
२९ सप्टेंबर १८९३

चि. महिपत यास आशीर्वाद.

तू गेलास. मला ते तुझ्या पत्रानं नव्हे, इकडूनच, आमच्या यजमानांकडून, कळलं. घरातून निघताना त्यांनी मला काही सांगितलं नव्हतं, पण खटल्याच्या दिवशी ते कल्याणला जाऊन मागच्या बाकावर बसले होते. परत येऊन जेवताना, पानाकडे बघत, सगळं सांगितलं. सरकारी वकिलानं तुला अहवाल दाखवला आणि विचारलं, ‘ही सही तुमचीच ना?’ तू म्हणालास, होय. ‘पाऊस नव्हता असं यात लिहिलं आहे.’ तू म्हणालास, ‘लिहिलं आहे ते खोटं आहे.’ ‘मग तेव्हा खोटं लिहिलंत की आता खोटं बोलता?’ तू म्हणालास, ‘तेव्हा. मला जागा हवी होती.’ कचेरीत लोक हसले म्हणे. हे मात्र हसले नाहीत.

पुराव्याअभावी धाकूला सोडलं. निर्दोष म्हणून नव्हे, पुराव्याअभावी. गावात याच शब्दावर चर्चा चालते.

आता माझं ऐक. तू कचेरीत सांगितलंस की पाणी आपोआप बांधावरून गेलं. मीच तुला तसं लिहिलं होतं. ते खरं नाही. खाचर तुडुंब भरलं तेव्हा मामंजी ओटीवरून ओरडले, ‘रोपं कुजतील, बांध फोड!’ घरात दुसरं पुरुष माणूस नव्हतं. मी कुदळ घेतली, बांधाचं तोंड फोडलं आणि पाणी खाली जाताना बघत उभी राहिले. पाण्यावर हिरवी साय होती. चार दिवस पाणी सोडू नको, हे तू लिहिलं होतंस. मला आठवतही होतं. पण औषधाचंच तर पाणी, काय व्हायचं आहे, असं म्हटलं. तुझ्यावर चिडून मी ती पत्रं लिहिली, त्यातला निम्मा राग माझ्यावरचा होता.

मी हे काळुराम भाऊजींना जाऊन सांगितलं. आवडाबाई जाऊबाई जात्यावर बसल्या होत्या, त्यांनी जातं थांबवलं. भाऊजी एवढंच म्हणाले, ‘वैनी, त्या दिसी हाक मारली आसतीस तर बैल गोठ्यात बांधून ठेवले आसते मी.’ त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर परतताना वाट दिसली असती मला. आता आमच्या विहिरीवर त्यांच्या घरचं कुणी येत नाही. मामंजी माझ्या हातचं पाणी घेत नाहीत.

धाकू गाव सोडून गेला. जाण्याआधी मी त्याला गाठलं. बायजा पाठुंगळीला होती त्याच्या. मी बांधाचं सांगितलं, हात जोडले. तो म्हणाला, ‘बाई, तुमी तवाच तोंड उघडलं आसतं, तर माजी आय मेली तवा मी तिच्यापाशी नसतो का? तुमच्या भावाला येक इचारा. त्यांना पैल्यापासनं ठाव व्हतं. येवढे रोज त्यांनी ते कुटं ठेवलं व्हतं?’

त्यानं विचारायला सांगितलं म्हणून विचारते आहे. उत्तर मला नको देऊस.

अक्का


बाळकुम
११ जानेवारी १८९४

ती. सौ. अक्का हिला महिपतचा नमस्कार.

साडेतीन महिने तुला उत्तर दिले नाही, कारण तू म्हणालीस ते बरोबर होते. उत्तर तुला द्यायचे नव्हतेच.

माझी जागा गेली हे तुला आईने कळवलेच असेल. चित्र छापले गेले. खाली नाव कोणाचेच नाही. आता बाळकुमला एका मिठागरावर गोणी मोजतो. आईला इथले वारे मानवते. तिने गंगुबाईंना जाताना खरे काय ते सांगितले, म्हणाली, ‘मुलगा किड्यांचं काम करायचा, ते सुटलं.’ मी पहिल्यांदाच तिच्या तोंडून तो शब्द ऐकला.

धाकूला मी दिवाळीपासून शोधत होतो. तो कल्याणच्या बंदरावर लाकडे उतरवतो असे कळले, म्हणून गेल्या रविवारी गेलो. मला पाहून त्याने खांद्यावरचा ओंडका खाली ठेवला आणि उभा राहिला. मी म्हणालो, ‘अक्काने तुझा प्रश्न कळवला. उत्तर द्यायला आलो आहे.’

‘बोला.’

‘भ्यालो होतो. खरे सांगितले तर नोकरी जाईल म्हणून.’

‘मंग आता?’

‘गेली.’

तो माझ्याकडे बघत राहिला. त्या नजरेत राग असेल, याची तयारी करून मी गेलो होतो. तो खरोखर हिशेब लावून बघत होता. ‘म्हंजे तशी बी गेलीच,’ तो म्हणाला. ‘मंग म्हैनाभर मी कशापायी बसलो आत?’

त्याने ओंडका उचलला आणि निघून गेला. मुकादम ओरडत होता, त्याला थांबून चालण्यासारखे नव्हते.

मी परत फिरलो तर वाटेवरच्या झोपडीच्या दारात बायजा बसली होती. मी तिला ओळखत नव्हतो, तिने मला ओळखले. प्रयोगाच्या दिवशी बांधावरून जाताना तिने मला पाहिले होते. म्हणाली, ‘तुमीच न ते औशदवाले?’

मी हो म्हणालो.

तिने लुगडे घोट्यापर्यंत सारले आणि दोन्ही पावले पुढे केली. टाचेला भाजल्याच्या खुणा होत्या. चुलीतला निखारा पायाखाली आला तरी तिला कळत नाही. ‘तुमी शिकलेले. आतलं समदं तुमाला ठाव. ह्यांच्यात जीव परत यील का?’

अक्का, साहेबांनी मला प्रश्न विचारले, वकिलाने विचारले, सगळ्यांना मी काही ना काही उत्तर दिले होते. मी वाकून तिचे पाय पाहिले. बोटांवर काडी टेकवली, पुन्हा टेकवली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, पायांकडे नाही.

‘मला ठाऊक नाही,’ मी म्हणालो.

तिने मान हलवली, जणू एवढे तरी कोणी सांगितले. मग पाय लुगड्याखाली ओढून घेतले आणि म्हणाली, ‘उनात नका हुबे राहू. गाडीला येळ आसंल तुमच्या.’

गाडीला अजून वेळ होता. मी तिच्या दारासमोर जमिनीवर बसलो. ती तांदूळ निवडत होती.

महिपत